पाणी कमी, फुलं भरपूर : दारापुढे गलांडा कसा लावायचा?

सणवार जवळ आले की फुलांचे भाव चढतात. एरवी दहा-वीस रुपयांत येणारा पुडा त्या दिवसांत हाताला चटका देतो. घरी लावावं म्हटलं तर गुलाब आणि मोगरा पाणी मागतात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात फुलझाडाला रोज बादली कोण घालणार? अशा घरांसाठी एक जुनं, ओळखीचं झाड उपयोगी पडतं. त्याचं नाव गलांडा. कुणी त्याला गॅलार्डिया म्हणतं. लाल पाकळ्या आणि पिवळी कड असलेलं, हारात झेंडूच्या शेजारी दिसणारं ते हेच फूल.

हे झाड मूळचं अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या आणि मेक्सिकोतल्या कोरड्या माळरानांचं आहे. तिथल्या आदिवासींच्या रंगीत घोंगड्यांसारखे रंग म्हणून इंग्रजीत त्याला ब्लँकेट फ्लॉवर म्हणजे घोंगडीचं फूल म्हणतात. गॅलार्डिया हे नाव पडलं ते १८व्या शतकातल्या गायार नावाच्या एका फ्रेंच न्यायाधीशावरून. माळरानाचं झाड असल्यामुळे ऊन, हलकी जमीन आणि पाण्याची ओढ याला सोसते. न सोसणारी गोष्ट एकच, ती म्हणजे मुळाशी साचलेलं पाणी. घरच्या बागेतला गलांडा मरतो तो बहुतेक वेळा जास्त पाण्यानेच.

कधी लावायचा?

आपल्याकडे गलांडा तिन्ही हंगामांत येतो. बी टाकल्यापासून फुलं सुरू व्हायला साधारण तीन महिने लागतात. तेवढा हिशेब मागे मोजायचा.

• दसरा-दिवाळीला फुलं हवी असतील तर बी जूनमध्ये टाका. गणपतीलाच हवी असतील तर मे महिन्यातच वाफ्यात रोपं करायला घ्या.
• हिवाळ्यात आणि होळीपर्यंत फुलं हवी असतील तर बी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये टाका.
• उन्हाळ्यातल्या लग्नसराईसाठी बी जानेवारी-फेब्रुवारीत टाका.

घरी पूजेला रोज फुलं लागत असतील तर सगळं बी एकदम टाकू नका. थोडं आता, थोडं महिन्याने टाकलं तर एक लाट संपेपर्यंत दुसरी तयार होते.

बी घेताना दुकानात विचारा. एकेरी फुलाला पाकळ्यांची एकच ओळ असते. त्यावर मधमाश्या जास्त येतात, त्यामुळे परसातल्या भोपळ्या-दोडक्यालाही फायदा होतो. दुहेरी फूल गच्च, गोंड्यासारखं असतं. हाराला आणि तोरणाला तेच बरं.

रोप कसं करायचं?

फुटका घमेला, तेलाचा रिकामा डबा किंवा फळांची पेटी घ्या आणि तळाला भोकं पाडा. दोन भाग माती, एक भाग चाळलेलं जुनं शेणखत आणि एक भाग वाळू असं मिश्रण भरा. बी वर पसरून अगदी पातळ माती टाका, खोल पुरू नका. पाणी झारीने किंवा हाताने शिंपडून द्या. धार सोडली तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. मुंग्या बी उचलून नेतात, म्हणून डब्याच्या कडेने राखेची रेघ ओढा.

आठवडा ते पंधरा दिवसांत बी उगवतं. रोपाला चार-सहा पानं आली, म्हणजे सुमारे महिन्याने, ते जागेवर लावायचं. लावणी संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभरात रोप सावरतं.

जागा आणि जमीन

दिवसातून निदान सहा तास ऊन हवं. सावलीत झाड उंच वाढून लवंडतं आणि फूल कमी देतं. मुरमाड, हलकी, मध्यम, कसलीही जमीन चालते, फक्त पाणी निचरून गेलं पाहिजे. काळी चिकट माती असेल तर वीतभर उंचीचा गादीवाफा करा आणि त्यात वाळू किंवा बारीक मुरूम मिसळा. पन्हळाचं पाणी पडतं ती जागा आणि मोरीच्या तोंडाची जागा टाळा.

दोन रोपांत सव्वा ते दीड फूट अंतर ठेवा. खड्ड्यात ओंजळभर कुजलेलं शेणखत पुरे. वर युरियाची मूठ टाकायचा मोह आवरा. युरियाने झाड हिरवंगार दिसतं, पण फूल लांबतं आणि कोवळ्या शेंड्यावर मावा येतो. कुंडीत लावायचं असेल तर कुंडी निदान दहा-बारा इंच खोल हवी आणि तळाचं भोक उघडं हवं.

पाणी : इथेच घोटाळा होतो

दुपारी झाड मान टाकतं. घरातलं कुणीतरी तांब्याभर पाणी ओततं. दुसऱ्या दिवशी झाड पुन्हा मान टाकतं, मग अख्खी बादली ओततात. आठ दिवसांत झाड वाळून जातं. कारण साधं आहे. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत ओली राहिली की मुळं कुजतात. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून ओल्या मातीतही पानं सुकतात आणि माणसाला वाटतं झाडाला तहान लागली.

म्हणून पाणी घालण्याआधी बोट दोन पेरं मातीत घाला. ओल लागली तर पाणी नको. दुपारच्या उन्हाने मरगळलेलं झाड संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल तरीही पाणी नको. माती कोरडी असेल आणि सकाळीही झाड मलूल दिसत असेल तर मात्र पाणी द्या. लावणीनंतर पहिले पंधरा दिवस ओल टिकवावी लागते. पुढे जमिनीतल्या झाडाला हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात चार-सहा दिवसांनी पाणी पुरतं. कुंडीतली माती लवकर वाळते, तिथे उन्हाळ्यात दिवसाआड पाहावं लागतं.

तांदूळ-डाळ धुतलेलं आणि भाजी धुतलेलं पाणी या झाडाला खुशाल घाला. कपड्यांच्या सोड्याचं पाणी मात्र नको, त्याने माती खारावते. बुंध्याशी पालापाचोळा पसरला तर ओल टिकते, फक्त तो खोडाला चिकटवू नका.

खुडत राहा, फुलं येत राहतील

लावणीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंड्याचं टोक खुडा. पहिलं फूल थोडं उशिरा येतं, पण बाजूने फांद्या फुटतात आणि फुलं वाढतात. पुढे पूर्ण उमललेली फुलं दर दोन-तीन दिवसांनी सकाळी तोडा. वाळलेलं फूल झाडावर राहिलं की झाड बी धरण्यात ताकद घालवतं आणि नव्या कळ्या कमी येतात. पूजेला नको असेल तरी फूल खुडलेलं बरं.

मावा किंवा फुलकिडे दिसले तर निंबोळी अर्क वापरा. ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून गाळा, थोडा साबण मिसळा आणि संध्याकाळी फवारा. मुळं कुजलेलं झाड उपटून लांब टाका आणि तिथली माती उन्हात वाळू द्या.

काहींना या झाडाच्या चिकाने हाताला खाज सुटते. हे झाड गाजरगवताच्याच कुळातलं आहे. गाजरगवताने अंगावर पुरळ उठतं अशा माणसाने फुलं तोडणं दुसऱ्याकडे द्यावं किंवा हातमोजे घालावेत.

बी घरचंच ठेवा

चांगल्या दोन-तीन झाडांना आधीच दोरा बांधून ठेवा. त्यांची शेवटची काही फुलं झाडावरच वाळू द्या. गोंडा भुरकट, केसाळ होऊन हाताने सुटू लागला की काढा, चार-पाच दिवस सावलीत वाळवा आणि कागदाच्या पुडीत भरून महिना लिहून ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट बी बुरसतं. मधमाश्यांमुळे परागांची सरमिसळ होते, त्यामुळे पुढच्या वर्षी रंग थोडे बदलतील. देवाला त्याचं काही वाटत नाही. पण हारवाल्याला फुलं द्यायची असतील तर नवं बी घ्या, आणि लावण्याआधीच त्याला विचारा की कोणता रंग चालतो आणि एकेरी घेणार की दुहेरी.

वीस-पंचवीस झाडांवर कुणी श्रीमंत होणार नाही. पण रोजची पूजा, दारावरचं तोरण आणि सणाचा हार घरच्या फुलांवर निघतो, आणि त्यासाठी पिण्याच्या पाण्याच्या हंड्याला हात लावावा लागत नाही.