रिकाम्या चोचीचा पावसाळा

आषाढात मालवणकडे पावसाने एकदा धरलं की तीन-तीन दिवस सोडत नाही. सिंधुदुर्गात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. माणसं पडवीत बसून राहतात, कोंबड्याही खुराड्यात अडकतात. एरवी दिवसभर माडाच्या आळ्यात, शेणकईवर, पातेऱ्यात उकरत फिरणाऱ्या या पाखरांना अचानक काहीच उद्योग उरत नाही. मग एकीची चोच दुसरीच्या शेपटाला लागते. पीस उपटलं जातं, रक्ताचा ठिपका दिसतो आणि तो बघून बाकीच्याही तिथेच टोचायला धावतात. टोचणारीला खोडकर ठरवून आधी कापलं जातं. मला हा तिच्यावरचा अन्याय वाटतो.

मारियन डॉकिन्स या ब्रिटिश संशोधिकेने मोकळ्यावर ठेवलेल्या लाल रानकोंबड्यांचा दिवस मिनिटामिनिटाने टिपला होता. १९८९ साली तो अभ्यास छापून आला. त्या कोंबड्यांना नियमित दाणे मिळत होते. तरीही निरीक्षणाच्या सुमारे ६० टक्के मिनिटांत त्या जमीन टोचत होत्या आणि ३४ टक्के मिनिटांत पायांनी उकरत होत्या. म्हणजे पोट भरलं तरी चोचीचं काम संपत नाही. आपली गावठी कोंबडी याच रानकोंबडीच्या वंशातली. नेदरलँड्सचे हॅरी ब्लोखुइस यांनी १९८६ मध्ये मांडलं की पिसं उपटणं हे जमीन टोचण्याचंच वळण चुकलेलं रूप आहे. टोचायला जमीन नाही, म्हणून शेजारणीचं अंग.

यावरचा सोपा उपाय आपल्या हाताशी आहे. पाल्याची जुडी किंवा एखादी फळभाजी खुराड्याच्या वाशाला टांगायची.

टांगायची कशासाठी, तेही सांगतो. कोंबडीला दात नाहीत, आणि पान पायाखाली दाबून फाडणंही तिला जमत नाही. जमिनीवर टाकलेला पाला ती ओढते तसा सरकत जातो. मग तो पायांखाली येतो, विष्ठेत मळतो. पावसाळ्यात दमट भुशात रक्ती हगवणीचे जंतू याच वाटेने पोटात जातात. टांगलेली जुडी स्वच्छ राहते आणि बांधलेली असल्यामुळे उलटा ताण देते. कोंबडी चोचीत पान धरून झटका देते, तुकडा तुटतो, जुडी झुलत दूर जाते आणि परत येते. एरवी पटकन संपला असता तो पाला बराच वेळ पुरतो.

टांगणं कोकणाला शिकवायची गरज नाही. पिकलेली तवशी, म्हणजे जून काकड्या, धोंडस या गोड पदार्थासाठी महिनोन्‌महिने टिकावीत म्हणून सोपटात गुंफून वाशाला बांधणारे हात आपलेच. चतुर्थीला गणपतीवर फळा-पाल्यांची माटवी सजते, गोव्यात तिलाच माटोळी म्हणतात. तिथे तवसं, नारळ, सुपारीची शिपटं बांधताना ज्या गाठी मारतो, त्याच इथे चालतात. फक्त माटवीतली कडू कवंडळं खुराड्याकडे नेऊ नका.

तांबडी भाजी, मुळ्याचा पाला, परसातलं पडवळ, दोडकं, दुधी, श्रावणापासून तवसं, आणि घाटावरून आलेला कोबीचा गड्डा, यातलं काहीही चालतं. पाला देठाकडून बांधावा, पानं खाली. उंची कोंबडीच्या डोक्याच्या जरा वर, मान ताणून पोचेल इतकीच. उड्या मारायला लावणं बरं नाही, जड अंगाची कोंबडी पाय दुखावून घेते. एकच जुडी बांधली तर वरचढ कोंबडी ती अडवून बसते, म्हणून दोन-तीन जुड्या हातभर अंतरावर बांधाव्यात. दोरी केळीच्या सोपटाची किंवा काथ्याची, आखूड आणि घट्ट. नायलॉनचा धागा नकोच. तो गिळला तर गळ्याखालच्या पिशवीत अडकून कोंबडी मरू शकते. हिरवे पडलेले बटाटे, कच्च्या कडधान्यांतला राजमा आणि खाजरं अळू हेही नको.

या पाल्याने बलक गडद होतो, कारण तो पिवळा रंग कोंबडी स्वतः बनवत नाही, पानांसारख्या खाण्यातूनच घेते. पण पाला म्हणजे जेवण नव्हे. एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नये, दाणे आधी द्यावेत. सोबत बारीक खडे आणि कुटलेल्या तिसऱ्यांची कवचं ठेवावीत. पोटात दळण खडे करतात, कवचातून अंड्याला चुना मिळतो. आणि जागाच अपुरी असेल किंवा अंगावर उवा-गोचीड असतील, तर कितीही जुड्या बांधल्या तरी टोचणं थांबणार नाही. तिथे आधी खुराडं मोठं करा, साफ करा.

एक काम मात्र रोज विसरू नका. दिवेलागणीआधी उरलेले देठ आणि दोरी काढून घ्या. राहिलेल्या भाजीवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांच्या मागावर साप.