फुप्फुसांची साक्ष

घरांतील वडील माणसांच्या तोंडून ज्यांनीं 'मानमोडी' हा शब्द ऐकला असेल, त्यांस १९१८ सालच्या तापाची थोडीबहुत कल्पना असेल. त्या वर्षाच्या जून महिन्यांत हा इन्फ्लुएंझा मुंबईंत दिसूं लागला, मध्यंतरीं कांहीं काळ निवळला, आणि सप्टेंबरांत फार उग्र होऊन परतला. ६ ऑक्टोबर या एकाच दिवशीं मुंबई शहरांत ७६८ माणसें मेलीं. आगगाडीच्या रस्त्यानें तो खेड्यापाड्यांत पोंचला. त्यांतच त्या साली पावसानें दगा दिला होता. साऱ्या हिंदुस्थानांत मिळून एक कोटि वीस लाखांपासून दोन कोटींपर्यंत माणसें दगावलीं असावीं, असा निरनिराळ्या अभ्यासकांचा अंदाज आहे.

इतकीं माणसें कशानें मेलीं? प्रश्न वेडगळ वाटेल. तापानें मेलीं, असें कोणीहि सांगेल. परंतु इन्फ्लुएंझा आपणांस एरव्हींहि येतो. चार दिवस अंग मोडून येतें, आई काढा देते, आणि पांचव्या-सहाव्या दिवशीं आपण पुनः वर्गांत येऊन बसतों. मग त्या वर्षीं वीस-तीस वर्षांचे धडधाकट तरुण आठ-दहा दिवसांत कसे गेले? याचें उत्तर जिवंत माणसांकडून मिळण्यासारखें नव्हतें. तें मृतांच्या देहांतून काढावें लागलें, आणि तें नीट हातीं येण्यास नव्वद वर्षें लागलीं.

प्रेताची चिरफाड म्हटली कीं आपल्या अंगावर कांटा येतो, आणि डोळ्यांपुढें खून व पोलिसांची चौकशी उभी राहते. पण रोगाचा शोध घेण्यासाठीं वैद्य जी शवपरीक्षा करतात तिचा हेतु निराळा असतो. इंग्रजींत तिला ऑटोप्सी म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'स्वतःच्या डोळ्यांनीं पाहणें' असा आहे. छातींतून फुप्फुसें बाहेर काढून त्यांचें वजन करतात, तीं कापून आंतील रंग पाहतात, तुकडा पाण्यांत टाकून पाहतात. निरोगी फुप्फुस स्पंजासारखें हलकें असतें व पाण्यावर तरंगतें. न्यूमोनियानें भरलेला तुकडा तळाशीं जातो. मग कांहीं तुकडे फॉर्मॅलिनमध्यें घालून मेणांत बसवितात, आणि त्यांचे कागदाहूनहि पातळ काप काढून ते सूक्ष्मदर्शकाखालीं धरतात. हे मेणांतील तुकडे वर्षानुवर्षें टिकतात. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

१९१८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेंतील बोस्टन शहराजवळच्या कँप डेव्हन्स या लष्करी छावणींत हा ताप शिरला. सुमारें ४५,००० शिपायांची ती वस्ती. तेथें पाहणीसाठीं विल्यम वेल्च नांवाचे वृद्ध व नामांकित रोगशास्त्रज्ञ गेले. शवागारांत त्यांनीं पाहिलेलीं फुप्फुसें निळसर, ओलीं, रक्तमिश्रित फेंसानें भरलेलीं होतीं. ज्यांचे सारें आयुष्य असलीं दृश्यें पाहण्यांत गेलें, ते वेल्च येथें मात्र हादरले, आणि हा कांहीं तरी नवा संसर्ग किंवा प्लेग असावा, असें त्यांच्या तोंडून निघून गेलें.

शास्त्रज्ञांचा गोंधळ होण्यास कारण होतें. १८९२ मध्यें जर्मनींतील फायफर यांनीं एक जंतु शोधून तोच इन्फ्लुएंझाचें मूळ आहे असें सांगितलें होतें, आणि जग तसें मानीत होतें. आतां शवपरीक्षा करणारे त्याला शोधूं लागले. कोठें तो सांपडे, कोठें सांपडत नसे. त्याच्या जागीं न्यूमोकोकस, स्ट्रेप्टोकोकस, स्टॅफिलोकोकस हे दुसरेच जंतु दिसत. एकाच रोगाचे इतके कर्ते कसे? खरा कर्ता सूक्ष्मदर्शकाखालीं दिसण्याइतका मोठाच नव्हता. तो विषाणु होता, आणि माणसाच्या इन्फ्लुएंझाचा विषाणु लंडनमध्यें १९३३ सालीं प्रथम वेगळा काढण्यांत आला. तोंवर १९१८ चे रोगी मातीआड होऊन पंधरा वर्षें झालीं होतीं.

मातीआड झालेले सारेच देह मात्र मातीस मिळाले नव्हते. अलास्कांत समुद्रकांठीं ब्रेव्हिग मिशन नांवाचें एक लहानसें गांव आहे. नोव्हेंबर १९१८ मध्यें तेथील ८० रहिवाश्यांपैकीं ७२ जण पांच दिवसांत मरण पावले, आणि सदा गोठलेल्या जमिनींत एका सामायिक खड्ड्यांत पुरले गेले. १९५१ सालीं योहान हुल्टिन या स्वीडनहून आलेल्या तरुण विद्यार्थ्यानें गांवकऱ्यांची संमति घेऊन तें थडगें उघडलें आणि फुप्फुसांचे तुकडे आणले. कोंबडीच्या अंड्यांत विषाणु वाढविण्याचा त्याचा सारा खटाटोप फुकट गेला. पण मनुष्य चिकट! १९९७ मध्यें, वयाच्या बहात्तराव्या वर्षीं, तो पुनः त्याच गांवीं गेला, पुनः परवानगी मागितली आणि पुनः खणूं लागला. या खेपेस एका स्थूल बाईचा देह सांपडला. अंगावरील चरबीच्या जाड थरामुळें तिचीं फुप्फुसें बरीच शाबूत राहिलीं होतीं. काम उरकल्यावर हुल्टिननें थडगें पूर्ववत् बुजविलें व त्यावर स्वतः बनविलेले लांकडी क्रूस उभे केले.

तो तेथें पुनः गेला याचें कारण वॉशिंग्टनमध्यें घडलें होतें. तेथील लष्करी रोगशास्त्र संस्थेच्या संग्रहांत १९१८ चे ते मेणांतील तुकडे अद्याप होते. त्यांपैकीं दक्षिण कॅरोलिनांतील छावणींत मेलेल्या एका २१ वर्षांच्या शिपायाच्या तुकड्यांत जेफ्री टॉबेनबर्गर व त्यांच्या सहकाऱ्यांस विषाणूचे अवशेष मिळाले. त्या शिपायाचें डावें फुप्फुस जंतूंच्या न्यूमोनियानें भरून गेलें होतें. उजव्यांत मात्र रोग नुकताच सुरू झाल्याच्या खुणा होत्या. एकाच छातींत गुन्ह्याचा आरंभ आणि शेवट दोन्ही जणूं जपून ठेवलेले! शिपायी, अलास्कांतील ती बाई आणि दुसरे कांहीं तुकडे यांवरून २००५ पर्यंत त्या विषाणूचा संपूर्ण आनुवंशिक आराखडा जुळला.

पुढें २००८ मध्यें टॉबेनबर्गर, मोरेन्स व फाउची यांनीं त्या काळच्या ५८ मृतांचे जपलेले काप पुनः तपासले, आणि जुन्या वृत्तांतांतून ८,३९८ शवपरीक्षांची माहिती एकत्र केली. निर्णय असा निघाला कीं बहुतेकांचा प्राण एकट्या विषाणूनें घेतला नव्हता. आपल्या श्वासनलिकांच्या आंतील अस्तरावर बारीक केसांसारखे तंतु असतात. ते घाण व जंतु सतत वर लोटीत राहतात. विषाणूनें हें अस्तरच सोलून काढलें. मग जे जंतु आपल्या नाकांत व घशांत एरव्हीं निमूटपणें राहतात, ते मोकळ्या वाटेनें खालीं उतरले आणि त्यांनीं फुप्फुसें भरून टाकलीं. दार फोडणारा एक आणि घर लुटणारे दुसरे, असा तो प्रकार होता. फायफरच्या वेळचा गोंधळहि येथें उलगडला: ते जंतु खरेच तेथें होते, मात्र आरंभ त्यांचा नव्हता. १९१८ मध्यें त्यांवर पेनिसिलीन नव्हतें. आज तशीं औषधें आहेत; म्हणून इन्फ्लुएंझाची सांथ आली म्हणजे सरकारांनीं त्यांचाहि सांठा ठेवावा, असें या तिघांनीं सुचविलें.

२०२० सालीं कोविड आला, तेव्हां पुनः तोच प्रश्न उभा राहिला. संसर्गाच्या भीतीमुळें पुष्कळ देशांत शवपरीक्षा टाळण्याकडे कल होता. आपल्याकडेहि मे २०२० च्या सरकारी सूचनांत चिरफाड टाळण्यास सांगितलें होतें. भीति खोटी नव्हती. पण जर्मनींतील हँबुर्ग शहरानें कोविडच्या मृतांची परीक्षा करण्याचें ठरविलें. पहिल्या १२ देहांपैकीं ७ जणांच्या पायांच्या शिरांत रक्ताच्या गुठळ्या सांपडल्या, आणि जिवंतपणीं त्यांची कोणास शंकाहि आली नव्हती. चौघे तर तशी गुठळी फुप्फुसांत जाऊन अडकल्यानेंच मेले होते. त्याच सुमारास दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं कोविडनें मेलेल्या ७ जणांचीं फुप्फुसें इन्फ्लुएंझानें मेलेल्या ७ जणांच्या फुप्फुसांशीं ताडून पाहिलीं. कोविडमध्यें अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांत गुठळ्या नऊपट आढळल्या.

म्हणजे विषाणु श्वासाचाच, पण मरणाची वाट निराळी. यावरून रक्त पातळ ठेवणारें हेपारिन भरपूर द्यावें असें साहजिकच वाटूं लागलें. तें हजारों रोग्यांवर पद्धतशीर ताडून पाहतां, मध्यम आजारी रोग्यांस त्याची मोठी मात्रा उपयोगी पडली, अत्यवस्थांस पडली नाहीं. त्यांच्या बाबतींत तोंवर फार उशीर झालेला असावा, असें कित्येक डॉक्टरांचें मत आहे.