मागविलें एक, आलें दुसरें

घरांत लागणारें वाणसामान मोबाइलवरून मागविण्याची चाल आतां शहरांतून सर्वत्र रूढ झाली आहे. बसल्या जागीं यादी करावी, पैसे भरावे आणि कांहीं वेळानें दाराशीं पिशव्या याव्या, ही सोय लहानसहान नव्हे. परंतु पिशवी उघडल्यावर तींत मागितलेल्या पदार्थाऐवजीं भलताच पदार्थ निघाला, असा अनुभवही पुष्कळ घरांना येतो. पातळ पोहे सांगितलेले असतात, जाडे येतात. शेंगदाण्याच्या तेलाऐवजीं सोयाबीनचें येतें. पावतीवर त्यापुढें ‘बदली माल’ अशा अर्थाची एक ओळ असते, आणि संध्याकाळच्या स्वयंपाकाचा बेत मात्र फिसकटलेला असतो. हा बदल कां होतो, तो कोण करतो, कोठें तो निभावून न्यावा आणि कोठें मुळींच चालवून घेऊं नये, याचा थोडा विचार प्रत्येक घरानें आधींच करून ठेवणें हिताचें आहे.

मालाची अदलाबदल ही कांहीं नवी गोष्ट नाहीं. मुंबई-पुण्याकडे महिन्याची यादी वाण्याकडे जाई आणि त्याचा गडी सामान घरीं पोंचवी, तेव्हांही एखादा जिन्नस दुकानांत नसे. अशा वेळीं वाणी आपल्या अकलेनें दुसरा जिन्नस बांधून देई. पण त्या वाण्याला घर ठाऊक असे. या घरीं आजोबांना मधुमेह आहे, त्या घरीं चातुर्मासांत कांदा-लसूण चालत नाहीं, अमक्यांकडे भात मऊ लागतो, हें सारें त्याच्या वहींत नसलें तरी त्याच्या डोक्यांत असे. चुकलेंच तर दुसऱ्या दिवशीं पुडी परत जाई आणि खात्यावरची रक्कम खोडली जाई. आज बदल करणारा मनुष्य घराला ओळखत नाहीं आणि घर त्याला ओळखत नाहीं. सगळ्या अडचणीचें मूळ येथें आहे.

यंत्राच्या साहाय्यानें घरबसल्या वाणसामान मागविण्याचा आरंभ इंग्लंडांत झाला. मायकेल ऑल्ड्रिच यांनीं १९७९ सालीं घरांतील दूरचित्रवाणीचा संच टेलिफोनच्या तारेनें संगणकाशीं जोडण्याची युक्ति काढली. आणि १९८४ सालच्या मे महिन्यांत गेट्सहेड या गांवच्या एका ७२ वर्षांच्या बाईंनीं आपल्या खुर्चींत बसून टेस्को या दुकानाकडून मार्गरीन, कॉर्नफ्लेक्स आणि अंडीं मागविलीं. ती यादी तीन जिन्नसांची होती. आजच्या घराची यादी सहज चाळीस जिन्नसांची होते, आणि येथें साधें गणितच आडवें येतें. समजा, प्रत्येक जिन्नस दुकानांत असण्याचा संभव शंभरांत ९८ इतका उत्तम आहे. तरीही चाळीसच्या चाळीस जिन्नस एकाच वेळीं मिळण्याचा संभव शंभरांत ४५ हूनही कमी भरतो. म्हणजे दुकान चोख असलें तरी मोठ्या यादींत एखादी उणीव राहणें हें नवल नसून जवळजवळ नेमाचेंच आहे.

पण मोबाइलच्या पडद्यावर जो माल ‘आहे’ म्हणून दिसतो तो दुकानांत नसतो, हें कसें? ब्रिटनमध्यें व अमेरिकेंत अशा पुष्कळ मागण्या नेहमींच्या दुकानाच्या फळ्यांवरूनच पुऱ्या केल्या जातात. दुकानाचा नोकर हातांत एक लहानसें यंत्र घेऊन फिरतो. यंत्र जिन्नस दाखवितें, तो फळीवरून उचलतो आणि त्यावरच्या बारकोडच्या रेघा यंत्राला दाखवितो. त्याच वेळीं इतर गिऱ्हाइकेंही त्याच फळीवरून माल उचलीत असतात. शेवटची बरणी कोणाच्या टोपलींत पडलेली असते, कोणाच्या हातून फुटलेली असते, कोणी ती भलत्याच फळीवर ठेवलेली असते, क्वचित् चोरीसही गेलेली असते. संगणकाच्या हिशेबीं ती शिल्लक असते, फळीवर मात्र नसते. शिवाय मागणी नोंदविली आदल्या रात्रीं आणि माल काढावयाचा दुसऱ्या सकाळीं, असें झालें कीं मधल्या वेळांत पुष्कळ उलथापालथ होते. मग यंत्र एखादा पर्याय सुचवितें, किंवा नोकर स्वतःच शेजारची बरणी उचलतो. विचार करावयास त्याला अवधि थोडा असतो, आणि घरीं शिजणार काय आहे हें तर त्याला कोणी सांगितलेलेंच नसतें.

आपल्याकडे कांहीं मिनिटांत सामान पोंचविणाऱ्या कंपन्या ज्या गुदामांतून माल देतात तेथें बाहेरचें गिऱ्हाईक शिरत नाहीं. ‘डार्क स्टोअर’ हें त्यांचें रूढ नांव. तेथें हिशेब आणि फळी यांचा मेळ अधिक बरा बसतो, आणि माल नसल्यास तो वगळून पैसे परत करण्याची रीत अधिक आढळते. तथापि चुकीचें पाकीट पिशवींत पडणें तेथेंही घडतेंच.

आतां मुख्य प्रश्न: कोणता बदल चालवावा? याची कसोटी एकच आहे. यादींत नांव पदार्थाचें असतें, पण घराला हवें असतें त्या पदार्थाचें काम. काम होत असेल तर नांव बदललें तरी बिघडत नाहीं. काम होत नसेल तर नांव जवळचें असूनही उपयोग नाहीं. एका कारखान्याच्या साखरेऐवजीं दुसऱ्याची साखर आली तर चहाला त्याचें कांहींच वाटत नाहीं. जाडे पोहे कांदेपोह्यांना उत्तम, पण पातळ पोह्यांच्या चिवड्यांत ते चालत नाहींत. तांदळाचेंही तसेंच आहे. तांदळांतील स्टार्चचे अमायलोज आणि अमायलोपेक्टिन असे दोन भाग असतात. अमायलोज कमी असेल तो भात मऊ व चिकट होतो, अधिक असेल तो मोकळा होतो. म्हणून वरणासाठीं आंबेमोहोर मागविणाऱ्याला बासमती पाठविला तर तो महाग असूनही निरुपयोगी ठरतो. खाण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर यांचे डबे शेजारी शेजारी असतात. पण सोडा नुसता क्षार आहे, त्याला फुलावयास ताकाची किंवा लिंबाची आंबट जोड लागते, आणि पावडरींत ती जोड आधींच मिसळलेली असते. ब्रिटनमधील मराठी घरीं कोथिंबिरीच्या जागीं पार्स्ली आली तर पानें दिसतात तशींच, पण आमटीला तो वास येत नाहीं. दुधाची तहान ताकावर भागते खरी. पण ती कधीं भागते आणि कधीं भागत नाहीं हें तहानलेल्यालाच ठाऊक असतें.

येथवर गोष्ट चवीची झाली. परंतु कांहीं बदल असे आहेत कीं तेथें चुकीला क्षमा नाहीं. शेंगदाण्याची किंवा दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या घरीं एका बिस्किटाऐवजीं दुसरें आलें, तर पाकिटावरील घटकांची यादी वाचल्यावांचून तें उघडूंही नये. ज्यांना गव्हांतील ग्लुटेन वर्ज्य आहे, त्यांनीं हिंगाची डबीसुद्धां तपासावी. डबींतील हिंग बहुधा निव्वळ हिंग नसतो. त्यांत डिंक व पीठ मिसळलेलें असतें, आणि तें पीठ कांहीं डब्यांत तांदळाचें, कांहींत गव्हाचें असतें. नेहमींची डबी बदलली कीं रोग्याचें पथ्य नकळत मोडतें. तान्ह्या मुलाची दुधाची भुकटी वैद्याच्या सल्ल्यावांचून बदलूं नये. शाकाहारी घरांनीं हिरव्या चौकटींतील हिरवें वर्तुळ पाहावें. मांसाहारी पदार्थावर तपकिरी चौकटींत तपकिरी त्रिकोण असतो. जेली किंवा मऊ गोळ्या यांत जिलेटिन असूं शकतें, आणि तें प्राण्यांच्या हाडांपासून व कातड्यापासून काढतात. उपासाच्या दिवशीं सैंधवाऐवजीं साधें मीठ किंवा वऱ्याच्या तांदळाऐवजीं तांदळाची कणी आली, तर बाहेरच्या माणसाला फरक क्षुल्लक वाटेल. उपास करणाऱ्या आजीबाईंना तो तसा वाटणार नाहीं.

तेव्हां उपाय दाराशीं भांडण्यांत नसून यादी करतांना आहे. पुष्कळ ॲपमध्यें प्रत्येक जिन्नसापुढें ‘बदली चालेल’ किंवा ‘बदली नको’ असें निवडतां येतें. अमेरिकेंत २०१२ सालीं निघालेल्या इन्स्टाकार्टसारख्या कंपनीकडे तर अमुक नसल्यास तमुक द्यावें, हेंही आधीं नेमून ठेवतां येतें. सर्व यादीला एकच ‘होय’ किंवा एकच ‘नाहीं’ लावणें सोपें, पण शहाणपणाचें नव्हे. यादीचे तीन भाग करावे. साखर, साबण, काड्यापेटी यांना बदल मोकळेपणें द्यावा. तांदूळ, पोहे, पीठ, तेल यांना कोणता बदल चालेल तें नेमून द्यावें. औषधी पथ्याचे, ॲलर्जीचे, उपासाचे व बाळाचे पदार्थ यांपुढें ‘नको’ असेंच लिहावें. टीप लिहिण्यास जागा असेल तेथें काम सांगावें: ‘चिवड्यासाठीं पातळ पोहे, जाडे नकोत’ एवढे चार शब्द पुरतात. जुन्या वाण्याच्या डोक्यांत घराची जी ओळख होती, ती आतां घरानेंच अशी लिहून द्यावी लागते. मुलें परगांवीं राहून आईवडिलांसाठीं सामान मागवितात, तेथें तर हें अगत्याचें आहे; पिशवी उघडणाराला मागविणाऱ्याच्या मनांतलें कळत नाहीं, आणि तो संकोचानें आलें तें ठेवून घेतो.

किंमतीकडेही लक्ष असावें. १६० रुपयांच्या एक किलोऐवजीं ९५ रुपयांचा अर्धा किलो आला, तर पावतीवर आंकडा लहान दिसतो. दर मात्र किलोला १९० रुपये पडलेला असतो. बदली माल महाग असल्यास वरची रक्कम कोणीं सोसावी याविषयीं दुकानादुकानाचे नियम निराळे असतात. ते एकदां वाचून ठेवावे.

माल हातीं आल्यावर कायदा काय म्हणतो? आपल्या देशांतील मालविक्रीचा कायदा १९३० सालचा आहे, आणि मोबाइलचें नांव कोणाच्या स्वप्नींही नव्हतें तेव्हां केलेले त्याचे नियम आजही या प्रश्नाला बरोबर लागू पडतात. ठरलेल्या मालांत न ठरलेला माल मिसळून दिला, तर गिऱ्हाइकानें ठरलेला तेवढा घ्यावा व बाकीचा नाकारावा, अथवा सर्वच नाकारावा, अशी त्याला मुभा आहे. नाकारलेला माल दुकानीं नेऊन पोंचविण्याचें बंधनही त्याच्यावर नाहीं. नाकारला असें कळविलें कीं पुरे. मात्र न कळवितां पुष्कळ दिवस ठेवून घेतला, किंवा वापरला, तर तो स्वीकारला असेंच धरलें जातें. तसेंच उभय पक्षीं निराळा करार असेल तर करार श्रेष्ठ. म्हणून ‘बदली चालेल’ या चौकोनांतील खुणेला महत्त्व आहे. २०२० सालच्या ई-कॉमर्सच्या नियमांप्रमाणें खरेदीची संमति गिऱ्हाइकानें स्वतः स्पष्टपणें दिली पाहिजे. आधींच खूण करून ठेवलेला चौकोन ही संमति नव्हे. दुकानानें दाद दिली नाहीं तर राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. ब्रिटनमध्यें २०१५ सालच्या ग्राहक हक्कांच्या कायद्यानेंही माल वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे.

यासाठीं पिशवी आल्याबरोबर, पावती हातांत घेऊन, प्रथम बदली जिन्नस निराळे काढावे. नको असलेल्याचें पाकीट न फोडतां छायाचित्र घ्यावें आणि त्याच दिवशीं कळवावें. माल आणून देणाऱ्या मुलावर रागावूं नये. माल काढणारा निराळा, पोंचविणारा निराळा, आणि पुष्कळदां पिशवींत काय आहे हें त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसतें. जें काम साधतें तें ‘दगडापेक्षां वीट मऊ’ म्हणून आनंदानें ठेवून घ्यावें. जें साधत नाहीं तें शांतपणें परत करावें. आणि पुढच्या यादींत त्या जिन्नसापुढें एक ओळ अधिक लिहावी, म्हणजे तीच चूक दुसऱ्यांदा दारीं येणार नाहीं.