केळीच्या बागेंतील तापमापक

वैशाखांतल्या दुपारीं यावल किंवा रावेर तालुक्यांतील केळीच्या बागेजवळून जाणाऱ्यास पानें मध्यशिरेवर मिटून खालीं झुकलेलीं दिसतात. झाड मेलेलें नसतें. तें स्वतःस वांचवीत असतें. पारा ४५ अंशांकडे गेला म्हणजे त्या रुंद पानांतून पाणी इतक्या वेगानें उडून जातें कीं, उथळ मुळांस तितकें पुरवितां येत नाहीं. मग पान आपलीं सूक्ष्म छिद्रें मिटतें. परंतु त्याबरोबर अन्न तयार करण्याचें कामही मंदावतें. हिवाळ्यांत संकट उलट. सलग कांहीं रात्री पारा १० अंशांखालीं राहिला तर वाढ खुंटते, आणि कधीं कधीं घड खोडाच्या गळ्याशींच अडकून बसतो.

आपल्या वाडवडिलांस हें ठाऊक होतें. बांधावर शेवरी लावणें, रात्रीं पाणी देणें, थंडींत धूर करणें, वाळल्या पानांनीं घड झांकणें, हे उपाय आजही सुटलेले नाहींत. उणीव होती ती वेळेची. पान सुके तेव्हां संकट कळे. येथें डिजिटल यंत्रें उपयोगी पडतात. मुळांच्या खोलीवर पुरलेला सेन्सर मातींतील ओल मोजतो, पानांमध्यें टांगलेला दुसरा सेन्सर हवेची उष्णता व दमटपणा मोजतो, आणि आकडे मोबाईलवर येतात. ओल ठरलेल्या मर्यादेखालीं गेली कीं ठिबकाची झडप आपोआप उघडते. ठिबक तर जळगांवास नवें नाहीं. तें बनविणारा मोठा कारखाना येथलाच!

राज्य शासनानें २०१७ पासून ‘महावेध’ प्रकल्पांत महसूल मंडळांमध्यें स्वयंचलित हवामान केंद्रें उभारलीं. फळपीक विम्याची भरपाई अशा केंद्राच्या आकड्यांवरून ठरते. मंडळांत गांवें अनेक, केंद्र बहुधा एक. रात्रीं थंड हवा जड होऊन सखल भागांत सांचते. म्हणून नदीकांठच्या बागेंत केंद्राहून अधिक गारठा असूं शकतो. तेथील केळ गारठली तरी केंद्राचा पारा मर्यादेच्या वर राहिल्यास शेतकऱ्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं. हा यंत्राचा दोष नव्हे, तें कोठें उभें आहे याचा आहे. केंद्रें वाढलीं पाहिजेत, असें आम्हांस वाटतें.

तोंवर, विद्यार्थी मित्रहो, ज्यांच्या घरीं केळी आहे त्यांनीं बागेंत एक साधा तापमापक टांगावा, पहांटेचा आकडा वहींत लिहावा व केंद्राच्या आकड्याशीं ताडून पहावा. तापमापक मात्र सावलींत, हवेशीर जागीं असावा. उन्हांतील भिंतीवर लावल्यास तो हवेचें नव्हे, भिंतीचें तापमान सांगेल.