वरून कीर्तन, आतून तमाशा: जुन्या मोटरहोमने शिकवलेलं कॉस्टिंग

मागच्या व्हिडिओत आपण सेकंडहँड मशीन घेताना काय बघायचं ते पाहिलं. आज त्याचाच पुढचा भाग, पण उदाहरण थेट अमेरिकेतलं.

माझा मावसभाऊ ओहायोत असतो. साइड बिझनेस म्हणून त्याने एक जुनी मोटरहोम घेतली, म्हणजे गाडीच्या चासीवर बांधलेलं चाकांवरचं घर. प्लॅन सोपा होता: दोन वीकेंड रंगरंगोटी करायची आणि विकायची. तिसऱ्याच दिवशी दादाचा व्हिडिओ कॉल. "अरे, खिडकीखाली भिंत दाबली तर अंगठा आत जातोय!"

माझं प्लायवूड-हार्डवेअरचं दुकान आहे. मी म्हटलं, "दादा, टोच्या घे आणि टोचत जा. जिथे सहज आत शिरेल तिथलं लाकूड संपलं." टोचत टोचत तो थेट कोपऱ्यापर्यंत पोचला.

असं का होतं? अशा बऱ्याच जुन्या गाड्यांना बाहेरून ॲल्युमिनियमचा पत्रा, आतून पातळ प्लाय आणि मध्ये सॉफ्टवुडच्या पट्ट्यांचा सांगाडा असतो. छताचा सांधा, खिडकीची कड किंवा वरच्या दिव्याचं भोक, यातून पाणी झिरपतं. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. इथे ते वर्षानुवर्षं ओलंच राहिलं.

दादाने विचारलं, "वरून नवीन पॅनेल मारलं तर कोणाला कळणार?" मी म्हटलं, "तुझ्या मुलांना त्यात बसवून हायवेवर नेशील?" तो गप्प झाला. पैसे सेव्हिंगमधले होते, वहिनीला काय सांगायचं हेही टेन्शन होतं. दोन दिवसांनी मेसेज आला: "भिंत उघडतोय."

काम या क्रमाने केलं:

1. आधी गळती शोधली. ती तशीच ठेवून नवीन लाकूड लावलं, तर तेही कुजणार.

2. बॅटरी आणि बाहेरचं वीज कनेक्शन काढलं, गॅस बंद केला, मास्क लावला. मग आतला प्लाय काढला.

3. कापायच्या आधी छताला आतून टेकू दिले. सांगाडा छताचं वजन पेलतो, हे विसरू नका.

4. चांगलं लाकूड लागेपर्यंत कापलं. जुने तुकडे फेकले नाहीत, मापाला ठेवले.

5. पंखे लावून सगळं सुकवलं. उरलेल्या लाकडाला बोरेट मारलं.

6. कोरड्या पाइनच्या नवीन पट्ट्या जुन्या चांगल्या लाकडाला बाजूने जोडल्या. वॉटरप्रूफ ग्लू आणि स्क्रू दोन्ही वापरले. तांब्याचं केमिकल दिलेलं लाकूड टाळलं, कारण त्याने ॲल्युमिनियम गंजतं.

7. सांध्यांच्या पट्ट्यांखाली ब्युटाइल टेप लावला. सिलिकॉन नाही, कारण नंतर त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही.

8. आतून बंद करण्याआधी बाहेरून पाइपने पाणी मारून बघितलं. एक कोपरा परत गळला, परत खोलला.

दोन वीकेंडचे नऊ झाले. लाकडाचा खर्च किरकोळ होता, सगळी महागाई तासांची. विकताना दादाने प्रत्येक टप्प्याचे फोटो कस्टमरला दाखवले. कस्टमरने भावात घासाघीस केलीच नाही. पण स्वतःच्या तासांची मजुरी धरली, तर नफा जवळपास शून्य.

मग चूक कुठे झाली? रिपेअरमध्ये नाही, खरेदीत. टोच्या घ्यायच्या आधी लावायला हवा होता. दोन मिनिटांची टेस्ट होती. निदान भाव तरी पाडून मिळाला असता.

तुम्ही जुना फूड ट्रक घ्या, जुनं फ्रीजर घ्या किंवा चालू दुकान टेकओव्हर करा, नियम हाच. वरचा रंग बघून भाव ठरवू नका, आतला सांगाडा तपासा. आणि स्वतःचे तास फुकट धरू नका.

आजचा होमवर्क: तुम्ही जी जुनी वस्तू घ्यायचा विचार करताय, तिचा "टोच्या" कोणता? वहीत लिहा, मगच टोकन द्या. भेटू पुढच्या व्हिडिओत!