चालायचं कुठे आणि कधी?

लंडनच्या दुमजली बसमध्ये ड्रायव्हर दिवसभर बसलेला असे, तर कंडक्टर तिकिटं देत एका पाळीत पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढे. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेरी मॉरिस यांनी दोघांच्या आजारपणाच्या नोंदी ताडून पाहिल्या. १९५३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले: कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता, आणि झालाच तर उतारवयात, सौम्य स्वरूपाचा. पुढे गणवेशांची मापं तपासली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांचाही कमरेचा घेर जास्त निघाला. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येत नव्हतं. तरी शारीरिक हालचालीवरच्या आधुनिक संशोधनाचा पाया इथेच घातला गेला.

यातला कुणीही कंडक्टर व्यायाम म्हणून जिना चढत नव्हता. कामच तसं होतं.

आपल्याकडे अशी कामं झपाट्याने कमी होत आहेत. आठवड्याला १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस हालचाल, हा जागतिक आरोग्य संघटनेचा किमान निकष. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ तो गाठत नाहीत. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होतं. २०२४ च्या या अंदाजाच्या बऱ्याच आधी महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगडमध्ये झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) पाहणीत शहरांतले ६५ टक्के लोक निष्क्रिय आढळले, खेड्यांतले ५०. हौसेने खेळणारे किंवा फिरायला जाणारे तर दहा टक्केही नव्हते. म्हणजे आपली हालचाल मुख्यतः कामातून आणि ये-जा करण्यातून होत आली. शेतात यंत्र आलं, दाराशी दुचाकी आली, नोकरी खुर्चीवर आली. गेलेल्या हालचालीची जागा मात्र कशानेच भरली नाही.

बायकांची स्थिती अधिक बिकट आहे. २०२४ च्याच अंदाजानुसार पुरेशी हालचाल नसलेल्या स्त्रिया ५७ टक्के, पुरुष ४२. त्याला आळस म्हणणं अन्यायाचं होईल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देत होत्या, पुरुष ९७. ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, पण तेवढ्याने श्वासाची गती वाढत नाही. आणि सगळं आवरून संध्याकाळी बाहेर पडावं, तर रस्त्यावर दिवे हवेत, सोबत हवी, ‘कुठे निघालीस?’ या प्रश्नाला उत्तर हवं.

शिवाय चालायला जागाही हवी. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद केले, झाडांच्या सावलीत बाकं ठेवली. तिथे आजी-आजोबाही निवांत चालतात. शहरातल्या बऱ्याच वस्त्यांमध्ये मात्र डॉक्टरांनी ‘रोज चाला’ सांगितलेल्या माणसाला पदपथावर उभ्या स्कूटरींना वळसा घालून वाहनांच्या गर्दीत उतरावं लागतं.