कोवळ्या मुळाचा दात : पहिला उपचार फसल्यानंतर

पावसाळ्यात शेवाळलेल्या जांभ्याच्या पायरीवरून मूल घसरते, किंवा कबड्डी खेळताना तोंडावर आपटते, आणि वरच्या पटाशीच्या दाताला मार बसतो. दोन दिवसांत दुखणे थांबते व सर्वांना त्याचा विसर पडतो. परंतु दुखणे थांबले म्हणजे दात वाचला, असे नव्हे.

वरचे पटाशीचे कायमचे दात साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी येतात. त्यांचे मूळ पूर्ण होण्यास पुढे आणखी सुमारे तीन वर्षे लागतात. या काळात मुळाचे टोक उघडे व भिंती पातळ असतात. मूळ घडविण्याचे काम दाताच्या आतला जिवंत गर करतो. मार किंवा कीड यांमुळे तो मेला की मुळाची वाढ थांबते. अशा दातात नेहमीचे रूट कॅनाल अवघड जाते, कारण तळ नसलेल्या नळीत भरलेले द्रव्य टोकाबाहेर निसटते.

पूर्वी अशा मुळात कॅल्शियम हायड्रॉक्साइड अनेक महिने ठेवून टोकाशी कठीण पडदा तयार होण्याची वाट पाहिली जाई. पण हे औषध दीर्घकाळ राहिल्यास भिंती ठिसूळ होतात. मुळाच्या नळीत रक्ताची गुठळी होऊ देऊन नवी ऊती वाढते का, याचे प्रयोग नॉर्वेचे नायगार्ड-ऑस्टबी यांनी १९६१ साली प्रसिद्ध केले. २००१ नंतर जपान व अमेरिकेतील दंतवैद्यांनी तो विचार कोवळ्या दातांसाठी पुढे नेला. यालाच पुनर्जनन उपचार म्हणतात. नळी जंतुमुक्त करून टोकापलीकडून थोडे रक्त आत आणतात, त्यावर सिमेंटसारखा थर देऊन दात बंद करतात. यश आल्यास भिंती जाड होतात आणि मूळ काहीसे वाढते.

हा उपचार प्रत्येक वेळी यशस्वी होतोच असे नाही. नळीत जंतू शिल्लक राहिले, वरचे भरण झिरपले किंवा पुन्हा मार बसला, तर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनीही, हिरडीवर पुवाची पुटकुळी येते किंवा सूज दिसते. कित्येकदा काहीच दिसत नाही आणि बिघाड केवळ एक्स-रेमध्ये कळतो. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षाने आणि त्यानंतरही काही वर्षे तपासणी आवश्यक ठरते.

अशा वेळी ‘आता काढूनच टाका’ हा सल्ला स्वस्त वाटतो, पण तो मुलाला महाग पडतो. दात गेला की तेथील हाड झिजते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत रोपण केलेला दातही बसविता येत नाही. बहुधा दुसरा मार्ग उपलब्ध असतो. दंतवैद्य जुना थर काढून नळी पुन्हा स्वच्छ करतात. भिंती पातळ असल्यामुळे खरवडण्यापेक्षा औषधी द्रावणाने धुण्यावर भर असतो. मधले काही आठवडे औषध ठेवतात. पहिल्या उपचाराने टोक अरुंद झाले असेल, तर नेहमीसारखे रूट कॅनाल करता येते. ते उघडेच असेल, तर टोकाशी चार-पाच मिलिमीटरचे एमटीए सिमेंटचे बूच बसवितात. हे सिमेंट अमेरिकेत महमूद तोराबिनेजाद यांनी १९९०च्या दशकात पुढे आणले. ओलाव्यातही ते घट्ट होते. उरलेली नळी गटापर्चाने भरून मानेजवळ चिकटणाऱ्या भरणाचा आधार देतात.

यानंतर मूळ वाढत नाही आणि दात नाजूकच राहतो. म्हणून खेळताना दातांचे रक्षक कवच वापरावे.

शासकीय व अनुदानित शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांतर्गत मुलांची तपासणी होते व तीत दातांचाही समावेश असतो. त्या वेळी जुन्या माराची माहिती पथकाला अवश्य द्यावी. पालकांनी उपचाराची तारीख, चिठ्ठी आणि एक्स-रे मुलाच्या शाळेतील नोंदीत जोडावेत, कारण दुसरा उपचार करणाऱ्याला पहिल्यात काय भरले होते हे कळणे मोलाचे असते. मालवणहून बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयापर्यंत तीन-चार खेपा करणे रोजंदारीवरच्या आईला परवडत नाही, आणि उपचार अर्धवट सुटतात ते बहुधा याच कारणाने. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी एका खेपेची सोबत आणि भाडे उचलले, तरी एका मुलाचा दात जागेवर राहू शकेल.